आठव्या आणि नवव्या पायरीच्या मधे

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव म्हणून ग्रुपवर महिनाभर मागे लागलेत, आणि मी रोज उद्या उद्या करत होतो, शेवटी आज सेकंड शिफ्ट संपल्यावर मोबाईलवरच टाइप करतोय. शुद्धलेखनाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं. शाळेत माझं शुद्धलेखन कसं होतं ते त्यांच्यातल्या दोघांना चांगलं माहितीये कारण ते माझ्याच बेंचवर बसायचे.

बाकीचे सगळे सहल, गॅदरिंग, प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडलेला पोरगा वगैरे लिहिणार हे नक्की. मी गणितावर लिहिणारे, आणि गणितात पण एकाच धड्यावर. सातवी, परिमेय संख्या, लहान-मोठेपणा ठरवणे. हसू नका, ज्यांना माझं टोपणनाव माहितीये त्यांना कळलंच असेल मी कुठे चाललोय ते.

तेव्हा माझा गणिताशी फार प्रॉब्लेम नव्हता असं मला वाटायचं. क्लासला जायचो, क्लासच्या सरांनी एक ट्रिक दिली होती, दोन अपूर्णांक दिले की तिरकस गुणाकार मारायचा, ज्याच्या अंशाकडचा गुणाकार मोठा तो अपूर्णांक मोठा, विषय संपला. लसावि नको, समच्छेद नको, डोकं नको. २/३ आणि ३/४ आले की दोन चोक आठ, तीन त्रिक नऊ, नऊ मोठे म्हणून ३/४ मोठा. दहा सेकंदात उत्तर. आमच्या वर्गात अजून असे पण होते ज्यांना १/८ हा १/६ पेक्षा मोठा वाटायचा कारण आठ मोठा, किंवा ०.६५ हे ०.७ पेक्षा मोठं कारण पासष्ट कुठे आणि सात कुठे, त्यांच्याकडे बघून मी स्वतःला आर्यभट्टाच्या खालोखाल समजायचो.

मग घटक चाचणी झाली आणि त्यात प्रश्न होता, ३/-४ आणि -५/७ यातली मोठी संख्या कोणती. मी ट्रिक मारली. तीन साती एकवीस, उणे पाच गुणिले उणे चार म्हणजे वीस. एकवीस मोठे, म्हणून ३/-४ मोठी. पेपर मिळाला तर त्यावर लाल पेनाने भला मोठा भोपळा. त्याच्या पुढच्या प्रश्नात चढता क्रम लावायचा होता, -३/४, २/३, -५/६, ०, १/२, -१/३, तिथे पण मी उणेवाले वेगळे काढून -१/३, -३/४, -५/६ असे लावले होते आणि मग शून्य. तिथे पण भोपळा. मी पेपर घेऊन बाईंकडे गेलो आणि म्हटलं बाई एकवीस वीसपेक्षा मोठे नाहीत का. आमच्या बाई चिडायच्या नाहीत, त्या चष्म्यावरून बघायच्या, ते जास्त वाईट होतं. म्हणाल्या, मोठं कोण ते नंतर बघू, आधी दोघं कुठे उभे आहेत ते सांग. मला काय बोलतायत काहीच कळलं नाही. खाली मान घालून जागेवर आलो.

आणि त्याच आठवड्यात गंगेला पूर आला. २००८ चा सप्टेंबर. बाहेरगावी गेलेल्या मुलामुलींसाठी सांगतो, तुम्ही आता गोदावरी म्हणायला लागला असाल पण नाशकात गंगाच. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, वरून पाऊस थांबायला तयार नाही, भांडी बाजारात पाणी, सराफ बाजारात पाणी, शाळेला सुट्टी. आमचे आजोबा भांडी बाजारात एका तांब्या-पितळेच्या दुकानात आयुष्यभर दिवाणजी होते, तेव्हा रिटायर होऊन जमाना झालेला पण त्या दिवशी घरात येरझाऱ्या घालत होते, आणि दर अर्ध्या तासाने कोणाला तरी फोन, कुठे आलं पाणी. नाशिकमधे या प्रश्नाचं उत्तर फुटात किंवा मीटरमधे कोणी देत नाही. ते मारुतीवर देतात. रामकुंडाजवळ नदीत उभा असलेला दुतोंड्या मारुती, त्याच्या पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं. आणि नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला लागलं की महापूर. आजोबांचं आपलं एकच पालुपद, एकोणसत्तरला याच्याहून जास्त होतं. दुकानाचं नुकसान ऐकून रडायच्या बेतात आलेला माणूस, पण १९६९ चा नंबर खाली येऊ द्यायला तयार नाही.

शाळा परत भरली तेव्हा वर्गात पुराशिवाय दुसरा विषयच नव्हता. बाई आल्या, गप्प बसा वगैरे काही म्हणाल्या नाहीत, सरळ फळ्यावर मारुती काढला. चित्रकला त्यांची यथातथाच, मारुतीपेक्षा तो गदा घेतलेला पोस्टमन जास्त वाटत होता, मागचं बाकडं हसून हसून मेलं. मग त्यांनी मारुतीच्या कमरेतून आडवी रेघ मारली आणि तिथे शून्य लिहिलं. म्हणाल्या कमरेच्या वर पाणी गेलं की धन, खाली उतरलं की ऋण. सोमवारी पाणी कमरेच्या दोन तृतीयांश हात खाली होतं, मंगळवारी पाऊण हात खाली, तर जास्त पाणी कधी होतं? अख्खा वर्ग ओरडला, सोमवारी. कारण हे नाशकातल्या शेंबड्या पोराला पण कळतं. मग त्यांनी शांतपणे बाजूला लिहिलं, -२/३ आणि -३/४, आणि विचारलं यातली मोठी कोणती. तेच तर विचारलं होतं, पण वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मग हळूहळू एकेकाचा चेहरा बदलायला लागला. पाऊण हात जास्त खाली, म्हणजे पाणी कमी, म्हणजे संख्या लहान. मी सहामाहीचा सगळा अभ्यास त्या मिनिटाला करून टाकला असं म्हटलं तरी चालेल.

पण बाईंचं समाधान नाही झालं. त्या आम्हाला जिन्यात घेऊन गेल्या. आपल्या जुन्या बिल्डिंगचा जिना आठवतोय ना, मधे एक चौक, तिथून वर बारा पायऱ्या, खाली बारा पायऱ्या. चौक म्हणजे शून्य. वरची बारावी पायरी १, खालची बारावी -१. चाचणीतल्याच संख्या कार्डांवर लिहून आणलेल्या, एकेकाच्या हातात दिल्या आणि म्हणाल्या जा आपापल्या जागी उभे राहा. आता बारा पायऱ्या असल्यामुळे गंमत अशी की ३/४ वाल्याला कळायला लागलं आपण म्हणजे बारातल्या नऊ, २/३ वाला बारातल्या आठ, ५/६ वाला दहा. छेद समान करा म्हणून वर्षभर जे घोकवत होते ते म्हणजे हे, सगळ्यांना एकाच जिन्यावर आणणं. -५/६ खाली दहाव्या पायरीवर, त्याच्या वर नवव्यावर -३/४, मग चौथ्यावर -१/३, चौकात शून्य, वर सहाव्या पायरीवर १/२ आणि आठव्यावर २/३. बाई तळाशी गेल्या आणि मला म्हणाल्या, चल चढ, आणि वाटेत कोण कोण भेटतं ते मोठ्याने सांग. मी चढत गेलो, नावं घेत गेलो, आणि वर पोचल्यावर माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की याला चढता क्रम का म्हणतात. इतकी वर्षं तो शब्द वाचत होतो आणि कधी जिना दिसला नव्हता.

मग माझा नंबर. मला कार्ड मिळालं -५/७. मी खाली उतरलो आणि उभा कुठे राहू? सातवर बारा पायऱ्या वाटल्या जात नाहीत. पाचा बारा साठ, साठ भागिले सात, आठ पूर्णांक काहीतरी, साडेआठच्या किंचित पुढे. आठवीवर उभा राहिलो तर चूक, नववीवर तर तिथे ३/-४ चं कार्ड घेऊन आमचा एक जाडजूड मित्र आधीच उभा. बाई म्हणाल्या मधे उभा राहा. म्हणजे एक पाय आठव्या पायरीवर, एक नवव्यावर, कठडा धरून, पोटऱ्या भरून आल्या, येणारे जाणारे दहावीचे पोरं हसतायत, आणि बाई निवांत विचारतायत, तू वर आहेस की तो? मी म्हटलं मी. म्हणजे मोठा कोण? मी. मग एकवीसचं काय झालं? काय सांगणार, कपाळ.

नंतर वर्गात त्यांनी ट्रिकची चिरफाड केली ती मात्र मला अजून पाठ आहे. तिरकस गुणाकार म्हणजे जादू नाही, दोन्ही संख्यांना दोन्ही छेदांनी गुणणं आहे. आणि ऋण संख्येने गुणलं की लहान-मोठं उलटं होतं, ३ हा २ पेक्षा मोठा पण -३ हा -२ पेक्षा लहान. म्हणून आधी छेद धन करून घ्यायचा, ३/-४ चं -३/४ करायचं, आणि मग उणे एकवीस आणि उणे वीस येतात, उणे वीस मोठे, उत्तर बरोबर. दोन्ही छेद ऋण असले तर दोनदा उलटतं आणि उत्तर आपोआप बरोबर येतं, त्यामुळे तर ती ट्रिक आणखी खरी वाटते. क्लासच्या सरांनी हे सांगितलं असेलही म्हणा, मी मागच्या बाकावर काय करत होतो ते मला माहितीये.

घरी जाऊन आजोबांना जिन्याचं सांगितलं तर ते म्हणाले यात काय नवीन, आमच्या वेळी रुपयाला सोळा आणे होते. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ. मी विचारलं ३/४ मोठा की ५/८, ते म्हणाले बारा आणे आणि दहा आणे, पुढचा प्रश्न विचार. २/३? दहा आणे आठ पै, कारण आण्याच्या बारा पै. तिसऱ्या हिश्शाची सोय पण करून ठेवलेली! मग मी मुद्दाम ५/७ विचारलं. आजोबा बराच वेळ बोटांवर काहीतरी करत बसले, आणि म्हणाले असा हिशोब कोणी गिऱ्हाईक करत नाही. १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा शंभर पैशांचा रुपया झाला, त्याचा राग त्यांना शेवटपर्यंत होता, म्हणायचे शंभराला तिघांत वाटून दाखव.

त्याच वर्षातली अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्यातल्या एका हिरोने १/२ अधिक १/३ बरोबर २/५ असं लिहिलं होतं, वरची बेरीज वर, खालची खाली. बाईंनी फुली मारली पण वही लगेच परत दिली नाही. म्हणाल्या, बेरीज साफ चुकली, अर्ध्यात भर घालून अर्ध्यापेक्षा कमी कसं येईल, पण गंमत बघा, हा २/५ कुठे जाऊन बसलाय? १/३ आणि १/२ च्या बरोबर मधे, म्हणजे अगदी मध्यावर नाही पण दोघांच्या मधेच. धन अपूर्णांक कुठलेही दोन घ्या, अशी चुकीची बेरीज करा, उत्तर दोघांच्या बाहेर कधीच जाणार नाही. आम्ही पुढची पंधरा मिनिटं ते खोटं पाडायच्या मागे होतो, नाही जमलं. कारण मला नंतर गोल्फ क्लबच्या मैदानावर कळलं, ते पण आऊट होऊन बसलो होतो तेव्हा. एका मॅचला दोन बॉलमधे एक चौका, दुसरीला तीन बॉलमधे एक, तर दोन्ही मिळून पाच बॉलमधे दोन. मिळून काढलेला हिशोब चांगल्या मॅचपेक्षा खाली आणि वाईट मॅचपेक्षा वरच असणार ना. आणि मधे एक सापडला की त्या नव्याच्या आणि जुन्याच्या मधे परत एक, परत एक, हे संपतच नाही. माझी चौकांची संख्या मात्र दोनवरच संपली.

आता मी अंबडला एमआयडीसीत मशीन मेंटेनन्सला आहे. बहुतेक सगळं मिलिमीटरमधे असतं, पण एकदोन जुनी मशीनं इंची बोल्टवाली आहेत, आणि तिथे नवीन आलेल्या आयटीआयच्या पोरांची रोज सातवीची घटक चाचणी होते. नऊ बाय सोळाचा पाना आण म्हटलं की पाच बाय आठचा घेऊन येतात, किंवा समोर दोन्ही धरून उभे राहतात आणि विचारतात दादा यातला मोठा कोणता. ढिला पाना लावला की बोल्टच्या डोक्याच्या कडा गोल होतात आणि मग तो बोल्ट काढताना सगळ्यांचे पूर्वज आठवतात. आमच्याकडे एक जुने फिटर काका होते त्यांचं सोपं होतं, इंचाचे आठ सूत. पाच बाय सोळा म्हणजे अडीच सूत, तीन बाय आठ म्हणजे तीन, सात बाय सोळा साडेतीन, अर्धा चार, नऊ बाय सोळा साडेचार, पाच बाय आठ पाच. ओळीने ड्रॉवरमधे लावलेले. काका शाळेत किती शिकले होते माहिती नाही पण ते पाने मांडायला लागले की मला आपला जिना आणि आजोबांचे आणे दोन्ही एकदम दिसायचे. पोरांना मी हेच सांगतो. मारुतीचं नाही सांगत, त्यातला एक पोरगा लातूरचा आहे.

बाई रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मधे एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं होतं, फार नाही, आणि मी कामावरून येताना सवयीने होळकर पुलावर गाडी लावून बघायला थांबलो, तिथे नेहमीसारखी निम्मी पंचवटी जमलेली, पोलीस शिट्ट्या मारून हाकलतायत. कठड्याशी छत्री घेऊन बाई. मी ओळख द्यायच्या आधीच म्हणाल्या, काय रे पाच सप्तमांश. पाया पडलो, इकडचं तिकडचं झालं. मग छत्रीच्या टोकाने मारुतीकडे दाखवत म्हणाल्या, सांग, धन का ऋण?

मी म्हटलं ऋण बाई, पाऊण हात खाली असेल.

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, पाऊण नाही. जरासं वर आहे.