झालं का गं पोरीचं लगीन

भोगी, रात्री साडेअकरा

आत्ता सगळे झोपलेत. माझे पाय दुखतायत, केसात अजून तांदूळ आहेत, पण आजचं आज लिहिलं नाही तर पुण्याला गेल्यावर लिहून होणार नाही म्हणून बसलेय. आज्जी गेल्यानंतरचा हा पहिला गड्डा. बाहेरच्यांना सिद्धेश्वरची यात्रा म्हटलं की कळतं, आम्ही सोलापूरवाले गड्डाच म्हणतो. काल रात्री लेकीला घेऊन पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं उतरले आणि घरी येताना रिक्षा चार पुतळ्यांपाशी आली तसा माझा हात आपोआप कपाळाला गेला. ती सवय आज्जीची. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. तिला सही करता येत नव्हती तरी ही चार नावं तिनं माझ्याकडून शाळेत जायच्या आधी पाठ करून घेतली होती. काल बाराच तारीख होती, पुतळ्यांना हार होते.

आज्जी मंगळवेढ्याकडची, ज्वारीच्या रानातली. तेराव्या वर्षी लग्न झालं. त्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी शेळ्यांमागं गेली होती, चुलती बोलवायला आली, घरी येऊन बघते तर हळद कालवून ठेवलेली, तेव्हा तिला कळलं की लग्न आपलं आहे. नवरा कोण, कसा, काही माहीत नाही. सोलापुरात आली आणि पहिल्या पहाटे गिरणीचा भोंगा वाजला तर घाबरून भांड्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसली. आजोबा मागखात्यात होते. नंतर आयुष्यभर ती त्या भोंग्यावर उठली, भोंग्यावर चूल पेटवली, आणि गिरणी बंद पडली तेव्हा आजोबा कट्ट्यावर बसून राहिले ते राहिलेच, आणि हिनं शेजारच्या तेलुगू अक्कांकडून बिड्या वळायला शिकून घेतल्या.

मला आज्जी आठवते ती अशीच, मांडीवर सूप घेतलेली. पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायची, मग चिमटीनं तंबाखू, बोटांत एक फिरकी, दोरा, आणि तोंड आत दुमडायला उजव्या अंगठ्याचं नख. ते नख ती मुद्दाम वाढवायची. तपकिरी झालं होतं पार, साबणानं निघायचं नाही, आणि आमच्या केसात तेल लावताना ते टाळूला टोचायचं. पंचवीसचं एक बंडल, चाळीस बंडलं झाली की हजार. आमच्या घरात सगळं मराठी पण बिड्या मोजायच्या तेलुगूत, कारण शिकवणारीनं तशाच मोजून शिकवल्या होत्या. ओकटी, रेंडू, मूडू. मीही तशीच शिकले, अजूनही कपडे मोजून इस्त्रीला देताना माझ्या तोंडात पहिलं ओकटी येतं.

१९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची. विसर्जनाची रात्र संपून पहाटे चारच्या सुमाराला घर हललं, भांडी पडली, सगळी गल्ली रस्त्यावर. आज्जीनं मला नि भावाला काखेत मारून बाहेर काढलं, आजोबांच्या अंगावर पांघरूण टाकलं, आणि सगळे ओरडत असताना परत आत गेली. बाहेर आली ते बिड्यांची टोपली घेऊन. सातशे झाल्या होत्या म्हणे, सकाळपर्यंत तीनशे करून कारखान्यात द्यायच्या होत्या. आणि तिनं केल्या पण, रस्त्यातल्या दिव्याखाली बसून. आई तो किस्सा सांगताना हसायची, मला मात्र तेव्हाही हसू आलं नाही कारण मी तिच्या शेजारी बसून बघत होते, तिचे हात थरथरत होते आणि तरी वळत होते.

पण खरं लिहायचंय ते गड्ड्याबद्दल.

सिद्धरामेश्वरांची गोष्ट सगळ्या सोलापूरला माहीत आहे. कुंभाराची मुलगी रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची, तिनं लग्नाची इच्छा बोलून दाखवली, ते योगी, मग त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. तेच लग्न दर वर्षी लागतं. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक कमरेच्या पट्ट्यात ती उंच काठी उभी पेलत नेतात, आणि तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. आज्जीनं माझ्या आठवणीत एक वर्ष चुकवलं नाही, पार गुडघे जाईपर्यंत. सकाळी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि खेंगट करून, कनवटीला तांदळाची पुरचुंडी खोचून निघायची. मला वाटायचं ही देवभोळी म्हणून जाते. आठवी-नववीत असेन तेव्हा गर्दीत तिचा हात धरून उभी होते आणि कंटाळून विचारलं, आज्जी दर वर्षी तेच लग्न काय बघायचं गं? तर ती म्हणाली,

"मला कुनी इचारलं न्हाय बघ. त्या कुंभाराच्या पोरीनं सोताच्या तोंडानं मागितलं. म्हनून यायचं."

एवढंच. परत काठ्यांकडे बघायला लागली.

हे वाक्य मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, कळलं २०१० ला. लातूरचं स्थळ आलं होतं, मुलगा चांगला, पगार चांगला, घरात सगळ्यांना पसंत, पोह्यांच्या बशा सुद्धा उचलून झाल्या होत्या. मी मागं मोरीत भांडी विसळायला गेले तशी आज्जी भिंतीला धरत धरत आली, मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला पायजे का? बापाला पायजे ते सांगू नगं. तुला." मी काही बोललेच नाही, नळ चालू ठेवला. पाणी यायचा दिवस होता, चार-पाच दिवसांनी येणारं पाणी, आणि जी बाई वाटीभर पाणी सांडलं तर ओरडायची ती त्या दिवशी वाहत्या नळाकडे बघतही नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली. नको म्हणून. ती उठली, बाहेर गेली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरगी नगं म्हनायलीय." बाबा महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. आणि दोन वर्षांनी मी माझं माझं सांगितलं, जातीबाहेरचं होतं, घरात रडारड झाली, तेव्हा तिनं फक्त मला जवळ बोलवून विचारलं, "सोताच्या तोंडानं मागितलंस न्हवं? मग झालं." माझ्या लग्नात पहिली अक्षता तिची होती, नेम धरून टाकलेली, ते तपकिरी नख मला आंतरपाटाच्या कडेनं दिसलं होतं.

शेवटची तीन वर्षं ती खाटेवरच. आम्ही अक्षतेहून घरी आलो की दारातच आवाज यायचा, "झालं का गं पोरीचं लगीन?" शेजारच्या घरातलं लग्न असावं तसं. दुसऱ्या दिवशी होम झाला की वासराच्या भाकणुकीची चौकशी. वासरू बिथरलं का, काय खाल्लं, पाऊस कसा सांगितला. रान कधीच सुटलं होतं तिचं, मंगळवेढ्याला भाऊही उरले नव्हते, तरी पाऊस तिला तिकडचाच हवा असायचा. श्रावणात गेली, झोपेत. वय ८६ की ८७ ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

आज मी लेकीला घेऊन गेले. गर्दी एवढी की तिला काही दिसेना, एका अनोळखी काकांनी उचलून घेतलं. दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम, नित्यम नित्यम सुरू झालं आणि चारी बाजूंनी तांदूळ उडाले. मी दोन पुरचुंड्या नेल्या होत्या. दुसरी आज्जीची, तिच्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली, आणि ती गाठ काही केल्या सुटेना, शेवटी दातानं सोडली. येताना लेक विचारत होती की त्या मुलीनं मागितलं म्हणजे नेमकं काय म्हणाली असेल. तळ्यापासून शुक्रवार पेठेपर्यंत आम्ही दोघी तेच बोलत आलो. तिचं म्हणणं, आधी खूप दिवस घाबरली असेल.

घरात शिरलो. खाटेची जागा मोकळी आहे, तिथं आता शिलाई मशीन ठेवलंय. मी चप्पल काढत थांबले, का थांबले ते मला माहीत होतं. आई आत भाकऱ्या करत होती. भाकरी थापायचा आवाज बंद झाला आणि आतून तिनं विचारलं,

"झालं का गं पोरीचं लगीन?"

आईनं आजवर हे कधी विचारलं नव्हतं. मी झालं म्हटलं, आणि लेक पळत आत गेली तिला सगळं सांगायला.