अण्णांची धार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टूल ग्राइंडिंग, म्हणजे हत्यारांना धार लावणं, हा माझा रोजचा धंदा. गिऱ्हाईक सगळं लोखंडातलं. त्यामुळं देव्हाऱ्याचे खांब कातणाऱ्या अण्णांचा निरोप आला तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून गेलो.

"पटाशी धारच धरंना झालीया. दर खांबाला ग्राइंडरकडं पळतोय बघ."

गोल पटाशी हातात घेतली. तोंडाच्या उतारावर एकसलग घासणी हवी, तिथं तीन-चार पैलू पडलेले आणि कडेला निळा डाग. कमानपाट्यातून घडवलेली जुनी पटाशी ती. असं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास निळं पडतं, म्हणजे पाणी उतरलं, कडकपणा गेला. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकायची नाही.

ग्राइंडर मिनिटाला २८०० फेऱ्यांचा. करडं चाक गुळगुळीत होऊन चकाकत होतं. असं चाक कापत नाही, नुसतं तापवतं. ते उतरवून बोटावर लटकवलं आणि लाकडी मुठीनं हलकेच ठोकलं. चांगलं चाक खणखणतं. हे भद्द वाजलं. उजेडात धरलं तर भोकापासून निघालेली बारीक चीर. आठ इंची चाकाचा काठ त्या वेगात सेकंदाला सुमारे ३० मीटर धावतो आणि अण्णा रोज त्याच्या बरोबर समोर उभे राहतात! मला घाम फुटला. कुणी पुन्हा चढवू नये म्हणून चाक तिथंच हातोड्यानं फोडलं.

मग नीट मांडणीच करायची ठरवली. १४४० फेऱ्यांचा ग्राइंडर, ८० ग्रिटचं, म्हणजे तेवढ्या बारीक दाण्याचं पांढरं चाक, चाकाचं तोंड सरळ करायला डायमंड ड्रेसर. लेथपासून दोन पावलांवर, कोपराच्या उंचीला. लांब असलं की माणूस बोथट हत्यारानंच रेटत राहतो.

खरी गोम कोनात आहे. दरवेळी तोच कोन आला तर जरासं घासूनही भागतं. कोन हलला की प्रत्येक वेळी नवा उतार पाडावा लागतो, आणि त्यात हत्यार संपतं. म्हणून टेबलावर लाकडी ठोकळा ठोकला. पटाशी जिगच्या, म्हणजे हत्यार ठरल्या कोनात धरणाऱ्या पकडीच्या, बाहेर ५० मिलिमीटर, ठोकळ्याला टेकेपर्यंत, बस्स. उतारावर मार्कर फासून चाक हातानं फिरवलं. शाई नुसती मागच्या बाजूची गेली. टेका जरा सरकवला, तेव्हा टाचेपासून धारेपर्यंत सारखी पुसली गेली.

सागवानावर पटाशी लावताच भुग्याऐवजी लांब साल निघाली. अण्णांनी ती उचलून बोटांत चोळली.

"ह्यो ठोकळा कुणाला हलवू देणार न्हाई. पर तिरकी पटाशी मात्र म्या सहाणेवरच पाजवणार."

मी हो म्हटलं. सपाट उताराला त्यांचा हात माझ्या जिगपेक्षा सरस आहे.