क्लासिक्स परत ऐकायचा उद्योग: 1988 वरच गाडी अडलीय

लोकहो, जुने हिप-हॉप अल्बम एलपीवर परत ऐकून ते आजही टिकलेत का ते ठरवायचं, असा हा उद्योग. मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की 'पेड इन फुल' झालं, आता 88 पटकन उरकतो आणि डे ला सोल या ग्रूपवर येतो. कसलं पटकन. पब्लिक एनिमीच्या 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक'ची साइड ए संपत आली की त्यांचा रॅपर चक डीचा प्रत्येक 'स' असा थुंकल्यासारखा बाहेर येतो की ऐकवत नाही. आणि साइड एचं शेवटचं गाणं कुठलं, तर 'कॉट, कॅन वी गेट अ विटनेस?'. बीट चोरला म्हणून कोर्टात उभं केलंय अशी कल्पना करून रचलेलं, तेही 1988 मध्ये, रॅपर बिझ मार्कीच्या सॅम्पल केसचा (दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा न विचारता वापरल्याबद्दलच्या खटल्याचा) निकाल लागायच्या तीन वर्षं आधी. अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात पुढचं बघणारं गाणं आणि नेमकं तेच माझ्याकडे फुटतंय.

तुमच्यातले काही जण म्हणाले की अरे 88चा साउंड आहे, जुना झालाय, मार्क दे आणि पुढे जा. तिथेच तर अडतंय ना. 'टिकलाय का' हे ठरवायचं तर आधी कळायला हवं की कानाला टोचतंय ते अल्बममधलं आहे, का प्रेसिंगमधलं (रेकॉर्ड छापण्यातलं), का माझ्या सुईचं. ते न बघता 'डेटेड' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

आता मूळ दुखणं. अल्बम जवळपास 58 मिनिटांचा आणि एकाच एलपीवर, म्हणजे एका साइडला 29 मिनिटं. एवढं कोंबायचं तर कटिंग लेव्हल (कोरलेला आवाज) खाली आणि बेस आवळलेला, आणि ग्रूव्ह, म्हणजे रेकॉर्डवरची खाच, पार लेबलच्या दारापर्यंत. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंमी ग्रूव्ह जातो आणि आत लेबलजवळ फक्त 21. म्हणजे 10 किलोहर्ट्झची एक लाट बाहेर 51 मायक्रॉन लांब असते ती आत 21 मायक्रॉनवर येते, आणि माझी हिरवी व्हीएम95ई सुई, लंबगोल टोकाची (इलिप्टिकल), बाजूचा रेडियस 0.3 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे साडेसात मायक्रॉनच्या आसपास. ती बिचारी त्या वळणांत शिरणार कशी? जाड पेनाने बारीक अक्षर काढायला बसल्यासारखं आहे ते.

तरी आधी फुकटचे उपाय केले. रेकॉर्ड ओली धुतली (पावसाळ्यात आतल्या कागदी स्लीव्हला जी बुरशी धरते तिच्यावर वेगळी पोस्ट लिहीन, सगळ्यांनी आतली स्लीव्ह बदला, मी आता हात जोडतोय). फरक पडला तो फक्त कचकच कमी होण्याइतका. ट्रॅकिंग फोर्स (सुईचा रेकॉर्डवरचा भार) 1.8 ग्रॅमवरून 2.0 वर नेला, थोडं सुधारलं. अँटिस्केटशी (सुई आत ओढली जाऊ नये म्हणून लावायच्या उलट्या ताणाशी) खेळलो, लॅपटॉपवर दोन्ही चॅनल वेगवेगळे करून बघितले, फुटणं दोन्हीकडे सारखंच, म्हणजे तो दोषी नाही. मग अलाइनमेंट, म्हणजे सुई ग्रूव्हला किती सरळ बसते ते. इतके दिवस बेरवाल्ड नावाच्या मांडणीवर होतो, नल पॉइंट (जिथे सुई ग्रूव्हला अगदी सरळ असते) केंद्रापासून 66 आणि 120.9 मिमी. स्टीव्हन्सन मांडणीत आतला नल 60.3 वर येतो, म्हणजे जिथे आग लागलीय तिथेच पाणी, म्हणून कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) सोडवून परत बसवली. इथे एक सांगतो, घरी प्रिंट केलेल्या प्रोट्रॅक्टरवर (अलाइनमेंट जुळवायच्या तक्त्यावर) विश्वास ठेवणार असाल तर प्रिंटरने पान बारीक केलं नाही ना ते आधी पट्टीने मोजा, आणि जमलं तर सरळ आरशावाला घ्या, पैसे वसूल आहेत.

स्टीव्हन्सनने शेवटचं गाणं खरंच सावरलं, पण मधे 'डोन्ट बिलीव्ह द हाइप'ला पूर्वी जे गुळगुळीत होतं ते जरा खरखरीत झालं. एकीकडे घ्या, दुसरीकडे द्या. मला ते पटेना, बेरवाल्डवर परत आलो आणि शेवटी खिशात हात घातला: एमएल (मायक्रोलिनियर) स्टायलस, म्हणजे आणखी बारीक टोकाची सुई. व्हीएम95 घराण्याची हीच मजा आहे की बॉडी तीच ठेवून पुढचा तुकडा ओढून काढायचा नि दुसरा खोचायचा, अलाइनमेंटही जवळपास तशीच राहते. मायक्रोलिनियरचा बाजूचा रेडियस 0.12 मिल, म्हणजे तीन मायक्रॉन. ज्याच्याकडून मागवला त्याने तो एवढासा डबा बबलरॅपशिवाय पाठवला, नशीब म्हणायचं सुई शाबूत आली. नाव घेत नाही, पण नाजूक वस्तू विकणाऱ्याला एवढी अक्कल असावी की नाही.

आणि मंडळी, फरक! 'कॉट'मधले 'स' बसले. सगळे नाही, साधारण तीन चतुर्थांश म्हणेन, पण आता शब्द कळतात, मागचा कोलाहलही सुटा सुटा ऐकू येतो. त्या संध्याकाळी मी साइड ए उगाचच परत परत लावली.

उरलेल्या पाव भागाचं काय? तिथे खरी ट्यूब पेटली. जुनी सीडी काढली, तीच जागा लावली, लेव्हल जुळवली. सीडीवर थुंकी अजिबात नाही, पण कर्कशपणा आहे तसाच. मग उलट बाजूने तपासलं: 'रेबेल विदाउट अ पॉझ'मधली ती किटलीसारखी किंचाळी, जेबीज या बँडच्या 1970च्या 'द ग्रंट'मधून उचललेली. ते गाणं बी साइडला बऱ्यापैकी आत आहे, तरी किंचाळी जुन्या सुईवर, नव्या सुईवर आणि सीडीवर एकसारखी बोचते. सुईमुळे बदलतो तो फक्त आवाजातला 'स', सॅम्पल नाही बदलत. म्हणजे 'स'चं फुटणं माझ्याकडचं आणि प्रेसिंगचं, बाकीची बोच अल्बमच्या निर्मात्यांनी, बॉम्ब स्क्वॉडने, मुद्दाम घातलेली.

आणि ती येते कुठून हे तर तुम्हाला माहितीच आहे. एसपी-1200 हे सॅम्पलिंगचं मशीन, 12 बिट, सॅम्पल रेट 26.04 किलोहर्ट्झ, म्हणजे त्याच्या निम्म्या, 13च्या वर खरं काही नाही, आणि सगळी मिळून दहा सेकंदांची मेमरी. लोक 33ची रेकॉर्ड 45वर पळवून सॅम्पल करायचे आणि मशीनमध्ये खाली ओढायचे, दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा माल. त्या ओढाताणीत जी खरखर येते तोच या अल्बमचा रंग आहे, आज लोक प्लगइन विकत घेऊन तो आणतात. तेव्हा साउंडला माझ्याकडून पूर्ण मार्क.

शब्दांना नाही. 'शी वॉच चॅनल झीरो?!'मधला स्लेयर या मेटल बँडचा रिफ आजही भिंत हलवतो, पण टीव्ही बघणाऱ्या बाईला झापायचा जो सूर आहे तो तेव्हाही चिडका होता आणि आता तर नकोच वाटतो. उलट 'ब्लॅक स्टील इन द अवर ऑफ केऑस', सोल गायक आयझॅक हेजच्या त्या पियानोवर सावकाश उलगडत जाणारी तुरुंग फोडायची गोष्ट, ती एका तासाने जुनी झालेली नाही. माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात टिकलेलं तेच, आणि हे मी मागे 'ब्रिंग द नॉइझ'बद्दल म्हटलं होतं, ते आता मागे घेतोय.

हे लिहिता लिहिता वाटायला लागलंय की वर्षांच्या क्रमाने जाण्यात अर्थ नाही, साइडच्या लांबीने जावं. नासचा 'इलमॅटिक' बघा, सगळा मिळून 40 मिनिटं, साइडला 20 सुद्धा जेमतेम. सगळे म्हणतात तो कधी म्हातारा होत नाही. प्रीमियर आणि पीट रॉकसारखे निर्माते आहेतच, पण त्याला एलपीवर श्वास घ्यायला जागा मिळाली हेही थोडं कारण असेल का? अ ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'लो एंड थिअरी' 48 मिनिटं, म्हणजे बरोबर मधला, आणि तिथे तर सगळा खेळच बेसचा. म्हणजे क्रम असा करतो: नास, मग ट्राइब, मग डे ला सोल, कारण 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' 67 मिनिटांचा. तो एका एलपीवरचा जुना आणि 2023चा दोन एलपीवाला, दोन्ही समोरासमोर लावायचे आहेत. जुना मित्राकडून मिळतोय, दोन एलपीवाला माझ्याकडे आहे.

एक मदत हवीय. 'रेबेल'चा 1987चा 12 इंची सिंगल कोणाकडे असेल तर 24 बिट/96 किलोहर्ट्झला रेकॉर्ड करून पाठवाल का, सुई कुठली ते लिहून? 12 इंची सिंगलवर एवढी गर्दी नसते, तेव्हा आवाजातला 'स' तिथे कसा बसतो ते ऐकायचंय. विकणार असाल तरी चालेल, फक्त देशातला बघतोय, परदेशातून मागवून कस्टम्सचं गणित या महिन्यात परत नको, स्टायलसनेच खिसा रिकामा केलाय.