लिफाफ्यातले तीन ‘बी’

जर्मनीतल्या एका नाण्यांच्या दुकानात मी कॅटलॉगचं काम करते. मोठे चांदीचे थालर मालक स्वतः पाहतात, चिल्लर माझ्या टेबलावर येते. मला तीच आवडते. थालर लोकांनी पेटीत जपले, फेनिग हे सुटं नाणं मात्र खरोखर बाजार हिंडून आलेलं असतं.

त्या दिवशी मूळचे हानोफरचे एक निवृत्त गृहस्थ दिवंगत भावाचा संग्रह घेऊन आले. एका लिफाफ्यावर ‘हानोफर’ लिहिलेलं आणि आत तांब्याचे फेनिग. प्रत्येकावर बारीकसं ‘बी’. भावानं तेवढंच पाहून ते एकत्र ठेवले असावेत.

भिंगाखाली पहिला घेतला, १८६३चा. मुकुटाखाली राजा पाचव्या गेओर्गची आद्याक्षरं. हा अस्सल हानोफर राज्याचा, आणि त्यावरचं ‘बी’ टांकसाळीचे प्रमुख ब्र्युल यांचं. दुसऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांची ढाल, म्हणजे सॅक्सनी हे दुसरं जर्मन राज्य. तिथलं ‘बी’ ड्रेस्डेनच्या टांकसाळीचे प्रमुख बुशिक यांचं. तिसरा १८६८चा, प्रशियाचा गरुड असलेला. गंमत म्हणजे तोही हानोफरमध्येच पाडलेला! १८६६मध्ये प्रशियानं ते राज्य गिळलं, पण टांकसाळ चालू ठेवली आणि तिला ‘बी’ हे अक्षर दिलं. पूर्वी प्रशियाच्या नाण्यांवर तेच अक्षर ब्रेस्लाऊचं असे, म्हणजे आज पोलंडमध्ये असलेल्या व्रोत्सवाफचं.

हिशेबही निराळा. थालरचे ग्रोशन, म्हणजे मधली नाणी, तिन्हीकडे ३०च, पण हानोफर आणि सॅक्सनीत ग्रोशनला १० फेनिग, प्रशियात १२. म्हणून प्रशियाच्या फेनिगवर ‘३६०चा एक थालर’ असं कोरलेलंच असतं. एकाच टांकसाळीतून पाच वर्षांच्या अंतरानं बाहेर पडलेले दोन फेनिग, आणि नव्याची किंमत कमी! जर्मनी एक झाल्यावर १८७३च्या कायद्यानं मार्क हे सगळ्यांचं चलन पक्कं झालं नि हा घोळ मिटला. राजांचे चेहरे दोन मार्क आणि त्यावरच्या नाण्यांवर राहिले, चिल्लर मात्र साऱ्या जर्मन साम्राज्याची एकसारखी झाली.

हे सगळं सांगून मी भावही सांगितला: झिजलेले आहेत, नगाला एखाद-दोन युरो. चेहरा पडेल असं वाटलं होतं. पण ते १८६८चा फेनिग बोटानं बाजूला सारत म्हणाले, “म्हणजे हे प्रशियाचं? मग हे आधी विका. आमच्या आजीनं घरात ठेवू दिलं नसतं.”

गेओर्गचे फेनिग त्यांनी खिशात टाकले. सॅक्सनीचे राहिले माझ्याकडे.