वस्ताद उठेना: नव्या चन्नाचा पहिला दीड महिना

आईनं माझ्या नव्या माशाचं नाव दुसऱ्याच दिवशी ठेवलं, वस्ताद. "तालमीतल्या हौद्याच्या कडंला बसून नुसता बघतोय की रे, अंगाला माती लावून घेईना." तेव्हा हसलो. पाचव्या दिवशी हसू येईना.

मासा म्हणजे रेनबो चन्ना, चन्ना ब्लेहेरी. आपल्या मरळीचा भाऊबंद, पण गाव आसाम, ब्रह्मपुत्रेचं खोरं. १९९१ मध्ये फिएर्के यांनी शास्त्रात त्याची नोंद केली. पूर्ण वाढला तरी वीतभराच्या आतच राहतो, म्हणजे शिकारी मासा पाळायची हौस आणि दोन खोल्यांचं घर, दोन्ही जमतं. निळसर अंग, त्यावर तांबूस-केशरी ठिपके. पोटाखालचे पर या जातीला नसतातच. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या रात्री टॉर्च मारून बघितलं आणि पर तुटलेला माल गळ्यात मारला म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या.

३ जानेवारीला आणला. टँक जुनाच, तीन फूट बाय सव्वा फूट बाय सव्वा फूट. वर जागा सोडून शंभर लिटर पाणी धरा. आधी त्यात बार्ब जातीचे छोटे मासे होते, ते डिसेंबरात मित्राला दिले. मग नवा पाहुणा येणार म्हणून सगळं घर धुवावं तसा टँक धुतला. खडी उपसून उन्हात टाकली, काचा मिठानं घासल्या, आणि स्पंज फिल्टर नळाखाली धरून पांढरा होईतोवर पिळला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं त्याचंच रामायण आहे.

दुकानदारानं सांगितलेलं, "भावा, चन्ना हाय हा. गटारात टाक, जगतोय." मला पटलं. का नाही पटणार? बाजारात मरळ कशी विकतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय. घमेल्यात चार बोटं पाणी, आणि दुपारपर्यंत मासा ताजातवाना. कल्ल्यांच्या वर डोक्यात तिला एक पोकळी असते, तिथं ती सरळ हवेतला ऑक्सिजन घेते. तेव्हा एअर पंप बंद पडला तरी चन्नाचं काही अडत नाही, हे खरंच. मी पुढचं गणित चुकीचं मांडलं, की मग पाणी कसंही चालेल.

पहिल्या पाच दिवसांची वही काढून बसलोय. ४ तारीख: कोपऱ्यात, खाल्लं नाही, नवीन आहे. ५: कोपऱ्यात. ६: गांडूळ तोंडापुढं सोडलं, बघितलंही नाही. ७: रंग उतरलाय, ठिपके पुसल्यासारखे, पाठीवरचा पर अंगाला चिकटवून एका कुशीला जरा कललेला. थंडी वाजत असेल म्हणून हीटर २६ वरून २८ वर. ८: हवा घ्यायला सारखा वर जातोय, वर जाताना अंग ओढत नेल्यासारखा.

त्या रात्री अर्धा तास घड्याळ लावून मोजलं. चौदा वेळा वर गेला. उचगावच्या दोस्ताला फोन केला (आमच्यात सगळ्यात जुना चन्नावाला तोच). त्यानं एकच विचारलं, "अमोनिया किती?" मी म्हटलं, अरे हवेवर जगणारा मासा आहे. तो म्हणाला, "हवा तोंडानं घेतोय रे. घाण कुठनं टाकतोय?"

इथं माझी ट्यूब पेटली. ऑक्सिजन हवेतून येत असला तरी शरीरातला अमोनिया बहुतांश कल्ल्यांतूनच पाण्यात जातो. पाण्यात आधीच अमोनिया साठलेला असेल तर आतला बाहेर पडायला अडतो, वर कल्लेही भाजतात. मग मासा हवेवर आणखी अवलंबून राहतो आणि एरवी तळाला पडून राहतो. बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो फक्त आळस.

टेस्ट किट धूळ खात पडलेलं होतं. अमोनिया २, नायट्राइट शून्य, पीएच (पाणी किती आम्ल, किती अल्क याचं माप) ७.८. म्हणजे टँकमध्ये बॅक्टेरिया शिल्लकच नव्हते. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढं नायट्रेट करणारी जमात मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात राहते, आणि ती मी क्लोरीनच्या पाण्यात पिळून मोरीत सोडली होती. वर हीटर चढवून आगीत तेल ओतलं. अमोनियाचा विषारी भाग पीएच आणि तापमान, दोन्हींबरोबर वाढतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा अर्ध्याच्या आसपास विषारी असतो, पीएच ८ ला तोच पाचाच्या वर जातो. माझा आकडा ७.८ आणि पाणी २८ अंश. पाहुण्याला गरम करून विष पाजत होतो.

मग काय केलं ते पटापट सांगतो, कारण त्यात नवल काही नाही. खाणं बंद. साठवलेल्या पाण्यात अँटी-क्लोरीन टाकून ८ आणि ९ तारखेला चाळीस-चाळीस टक्के पाणी बदललं. हीटर रोज एक अंश खाली. दोस्तानं त्याच्या चालू टँकमधला अर्धा स्पंज कापून दिला, तो तसाच न धुता माझ्या फिल्टरशेजारी अडकवला. त्यातनं काळा गाळ पाण्यात उतरताना बघून आई म्हणाली, "एवढा धुतलास, आणि आता ही घाण कुठनं आणलीस?" तिला बॅक्टेरिया समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिनं विरजणाचं उदाहरण देऊन मलाच समजावलं, आणि ते माझ्यापेक्षा बरं होतं.

१६ तारखेला नायट्राइट ०.५ दिसलं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, आणि मग हवेतून घेतलेला ऑक्सिजनही अंगभर पोचत नाही. इथं पुन्हा 'हवेवर जगतो' हा भरवसा फसवा. शंभर ग्रॅम खडे मीठ विरघळवून थोडं थोडं दिवसभरात सोडलं, लिटरला एक ग्रॅम. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतं. मिथिलीन ब्लू या माशांच्या निळ्या औषधाची बाटली हातात घेतलेली, परत ठेवली. ते टाकलं असतं तर नवे बॅक्टेरियाही गेले असते.

२४ जानेवारी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. आणि वस्ताद तळालाच!

खरं सांगतो, त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. सगळं बरोबर आणि मासा तसाच. औषधाच्या दुकानाकडं गाडी काढणार होतो, पण त्याआधी स्टूल टाकून टँकपुढं बसलो. ट्यूबलाइट बंद, तीन बाजूंना जुने पेपर चिकटवलेले, आत शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेली अर्धी फुटकी कुंडी पालथी, तिच्या तोंडाशी हा. पंधरा मिनिटांत तो इंचभरही हलला नाही. पण डोळे हलत होते. मी डावीकडं झुकलो, डोळे डावीकडं. छातीजवळचे दोन पर आळीपाळीनं हळूच वल्ह्यासारखे फिरत होते. पाठीचा पर उभा. ठिपके परत आलेले. ७ तारखेचा मासा आणि हा मासा एकाच जागी एकाच पोझमध्ये पडलेले होते, आणि दोघांत काही म्हणता काही सारखं नव्हतं.

आईच्या गुलाबाच्या कुंडीतलं एक गांडूळ चिमट्यात धरून कुंडीपासून वीतभर लांब सोडलं. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग वस्तादचं शेपूट जरासं वळलं, अंगाचा नागमोडी आकडा झाला, एवढंच दिसलं. पुढचं दिसलं नाही. गांडूळ होतं, आणि नव्हतं. खडीचे दोन-तीन कण तेवढे वर उडून खाली बसत होते.

दबा धरून शिकार करणाऱ्या माशाचं पडून राहणं हेच काम आहे, हे पुस्तकी ज्ञान मला आधीही होतं. पण आजारी पडून राहणं आधी बघितल्याशिवाय निरोगी पडून राहणं ओळखता येत नाही, निदान मला तरी आलं नाही.

हीटर आता काढूनच टाकलाय. वरच्या आसामात जानेवारीच्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा हा तिथं मंदावतो, कमी खातो. आपल्याकडं घरातलं पाणी पहाटे २० ते २१, त्याच्या दृष्टीनं सुखाची थंडी. वर्षभर २८ वर उकळत ठेवलेले चन्ना लवकर थकतात, असं दोस्ताचं मत आहे आणि मला ते पटतंय. थंडीत पचन मंद असतं, म्हणून तिसऱ्या दिवशी एकदा खाणं: गांडूळ, नाहीतर सोललेल्या कोळंबीचा तुकडा. फीडर मासे, म्हणजे खाऊ म्हणून विकतात ते जिवंत छोटे मासे, नाहीत. त्यांच्याबरोबर जंतू फुकट येतात, आणि गोल्डफिशसारख्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइमही असतं. तसंच पंचगंगेची जलपर्णी फुकट मिळते म्हणून सावलीला आणून टाकू नका. मी मनी प्लँटच्या मुळ्या पाण्यात सोडल्यात, त्याला त्या आवडल्यात.

१० फेब्रुवारीला परत अर्धा तास मोजलं. पाणी २१ अंश, चार वेळा वर. शेवटच्या वेळी वर जाऊन हवा घेतली, एक बुडबुडा सोडला आणि माझ्याकडं बघत उलटा-उलटा कुंडीत गेला.

१८ फेब्रुवारी. उकाडा सुरू झाला, दुपारचं पाणी २४. रात्री अडीचला धाडकन आवाज. काल आत आलेल्या किड्यावर झेप घेऊन झाकणाला डोकं आपटलं गड्यानं. काच हलली नाही, कारण पहिल्या दिवसापासून तिच्यावर घरातला वरवंटा ठेवलाय. चन्ना आणणाऱ्यांनी झाकणावर वजन ठेवाच, आणि झाकण व पाणी यांच्यात दोन-तीन इंच हवाही ठेवा. कपाळाला थोडं खरचटलंय, रंग ठीक आहे, सकाळी कोळंबी खाल्ली.

आईला खर्डा वाटायचाय म्हणून आज वरवंटा परत मागितला. दोन विटा आणायला निघालोय.