तुम्ही विचारलंत म्हणून: मुलं घरी का सांगत नाहीत

गेली २१ वर्षं मी कराडला घरीच आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. फी भरायला आलेले आईवडील बाकी सगळं बोलून झाल्यावर, चप्पल घालता घालता, आवाज खाली आणून एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, आमचा घरात काही बोलतच नाही बघा. आला की मोबाईल, जेवण, खोली. तुमच्याशी मात्र सगळं बोलतो म्हणे. तुम्ही काय करता ओ?" परवा एका आईने विचारलं तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं, मी दारात उभ्या उभ्या काहीतरी बोलले, पण ती गेल्यावर मला चैन पडेना. म्हणून आता नीट बसून लिहिते.

मी काहीच वेगळं करत नाही हो. मुलं मला सांगतात कारण मला सांगून त्यांचं काही जात नाही. चाचणीत २५ पैकी ७ पडले असं मला सांगितलं तर मी म्हणते, आण पेपर, कुठं गाडी अडली बघू. तेच घरी सांगितलं तर आईचा चेहरा उतरतो, पप्पा ताट सारून उठतात, आजीला चुलतभावाचे मार्क आठवतात आणि पुढचे चार दिवस घरात कुणी हसत नाही. चौदा वर्षांचं पोर हे सगळं आधीच मनात मोजतं आणि गप्प बसतं. त्याला तुमची फिकीर नाही म्हणून ते गप्प बसत नाही, तुमच्या चेहऱ्याची फार फिकीर आहे म्हणून बसतं. हे मला आईवडिलांना ओरडून सांगावंसं वाटतं, कारण बहुतेकांची समजूत नेमकी उलटी असते, की मुलं मोठी झाली, आता ती मित्रांचीच, आपला काही उपयोग राहिला नाही.

हे मला कळलं ते माझ्या घरात कळलं, पुस्तकात नाही. लेकीला विचारूनच लिहितेय.

ती दहावीच्या सुट्टीत होती, सोळाही पूर्ण नव्हती. मे महिना, कराडचं ऊन तुम्हाला माहितीये, आणि ही बया घरात पूर्ण लांबीची ट्रॅक पँट घालून फिरत होती. मी दोनदा म्हटलं अगं उकडत नाही का, ती म्हणाली नाही. चौथ्या दिवशी ती जरा लंगडताना दिसली, अंगाला हात लावला तर कढत. पँट वर करून बघितलं तर गुडघ्यापासून खाली सोलून निघालेलं, पू झालेला, वर कुठलीतरी पावडर टाकलेली. मैत्रिणीच्या भावाची ॲक्टिव्हा घेऊन दोघी नदीकडे गेल्या होत्या, मागे अजून दोन मैत्रिणी दुसऱ्या गाडीवर, खडीवर घसरल्या. तिने स्वतःच जखम धुतली, घरी येऊन पँट बदलली आणि चार दिवस आमच्यासोबत बसून जेवली.

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम साफ केली, आणि विचारलं कधी पडलीस. चार दिवस झाले म्हटल्यावर ते माझ्याकडे बघायला लागले. येताना रिक्षात मी तिला म्हटलं, अगं मी तुला कधी मारलंय का, कधी ओरडले का, मग मला का नाही सांगितलंस? ती बाहेर बघत होती. म्हणाली, "तू ओरडली नसतीस. तू बोलणं बंद केलं असतंस."

मला पुढे बोलताच आलं नाही, कारण ते खरं होतं. आणि ते कुठून आलं हेही मला त्याच रिक्षात कळलं.

माझे अण्णा एसटीच्या डेपोत फिटर होते. मी नववीत असताना प्रगतीपुस्तकावर त्यांची सही मीच केली होती, बीजगणितात नापास झाले होते म्हणून. बाईंना संशय आला, त्यांनी अण्णांना शाळेत बोलावलं, ते ड्युटी सोडून आले, डेपोच्या कपड्यातच, सगळं ऐकलं, मान हलवली आणि गेले. घरी आल्यावर एक शब्द नाही. अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी समोर बसलेली असताना आईला म्हणायचे, तिला सांग दप्तर उचलायला. बाराव्या दिवशी म्हणाले, "पेन आहे का गं?" आणि अबोला संपला. त्या सहीचा विषय परत कधीच निघाला नाही, आजपर्यंत नाही. मी त्यातून काय शिकले? खोटी सही करू नये हे नाही शिकले. सापडायचं नाही हे शिकले. बारावीपर्यंत मी घरी किती गोष्टी दाबल्या ते लिहायला आजही हात धजत नाही.

अण्णा वाईट होते असं कुणी समजू नका, त्यांनीच तर मला गणित दिलं. शिकवलं असं नाही म्हणणार, ते स्वतः सातवी. पण रविवारी पाने पुसायला बसायचे, एकेक पाना रॉकेलच्या फडक्याने पुसून आकाराप्रमाणे लावायचे, आणि मी शेजारी. एकदा म्हणाले, हा बोल्ट अर्ध्या इंचाचा आणि पाना १३ मिलिमीटरचा, बसतो पण जरा ढिला, का सांग बरं? आम्ही हिशोब केला, एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, अर्धा म्हणजे १२.७, आणि ते उरलेलं ०.३ मला बोटाला हलताना जाणवलं. दशांश अपूर्णांक मला शाळेत कळलाच नव्हता, तो तिथे कळला. आज मी मुलांना वहीत पायऱ्या एकाखाली एक लिहायला लावते, खाडाखोड चालेल पण पायरी गाळू नका म्हणते, ते त्या रांगेत लावलेल्या पान्यांचंच आहे. अण्णांनी मला नीटनेटकी राहा म्हणून कधी सांगितलं नाही. अबोला कसा धरायचा हेही कधी सांगितलं नाही. मी दोन्ही बघून उचललं, आणि पहिलं त्यांच्याकडून आलंय हे मला कायम माहीत होतं, दुसरं माहीत नव्हतं. मला वाटायचं मी हात उचलत नाही, आवाज चढवत नाही, म्हणजे मी चांगली आई.

बीएडला आम्हाला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांचा प्रयोग होता, १९६१ सालचा, स्टॅनफर्डचा. लहान मुलांसमोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला ठोसे मारतं, हातोडीने बडवतं, आणि नंतर मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडलं की तीही तसंच करतात, मोठ्यांच्या तोंडचे शब्दसुद्धा तसेच्या तसे उचलतात. मी परीक्षेत हे लिहून चांगले मार्क मिळवलेत. पण मारणं जसं उचललं जातं तसं गप्प बसणंही उचललं जातं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. एका माणसाने दुसऱ्याकडे पाठ फिरवून बसणं, हेही मुलं बघतच असतात ना.

त्या प्रकारानंतर मी रात्री रात्री वाचत बसायचे. दोन गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसल्या. एक म्हणजे गाडीची. २००५ मध्ये अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ दिला होता, पिवळा दिवा लागला तरी पुढे जायचं की थांबायचं. तेरा ते सोळा वयाची मुलं सोबत मित्र बघत असले की एकट्याने खेळतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करायची, चोवीसच्या पुढच्या माणसांना मित्र असले नसले काही फरक पडत नव्हता. मागच्या गाडीवरच्या त्या दोन मैत्रिणी मला आठवल्या. म्हणजे माझी लेक बिघडली नव्हती, ती पंधरा वर्षांची होती. (आणि गाडी देणाऱ्यांनो, एक सांगते, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या गल्लीत अजून नववीची पोरं गाडी काढतात आणि आईबाप कौतुकाने बघतात, मला खरंच भीती वाटते.)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि कर या संशोधकांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा अभ्यास केला, २००० साली तो छापून आला. तोपर्यंत सगळे म्हणायचे की ज्या आईबापांना मुलांचं सगळं माहीत असतं त्यांची मुलं कमी बिघडतात, तेव्हा लक्ष ठेवा, पाळत ठेवा. यांनी विचारलं, पण त्या आईबापांना ते माहीत कसं होतं? तर बहुतेक ते मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं. खोदून विचारून किंवा बंधनं घालून कळलेलं त्यामानाने थोडंच.

आता आपल्याकडे काय चाललंय बघा. मोबाईलचा पासवर्ड आईला पाहिजे, लोकेशन चालू पाहिजे, क्लासला पोचला का म्हणून मला मेसेज. हे सगळं करा, मी नको म्हणत नाही, लहान मुलाला तर लागतंच. पण माझ्या क्लासमधल्या एका मुलाने वडिलांच्या फोनवरून गेममध्ये ४,२०० रुपये घालवले होते, त्याचं लोकेशन चोवीस तास चालू होतं. तो रात्री साडेआठला, सगळी मुलं गेल्यावर, दप्तराचा पट्टा पिरगाळत उभा राहिला आणि मला म्हणाला, मॅडम मी काय करू. मी म्हटलं घरी सांग. तो म्हणाला, "पप्पा मोबाईल फोडतील." पैशाचं नाही बोलला, मारतील असंही नाही बोलला. मी त्याच्यासोबत गेले. वडील चिडलेच, का चिडणार नाहीत, घामाचे पैसे. पण त्याची आई त्याला म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस रे बाबा," आणि तो जो रडायला लागला तो थांबेचना. मला त्या बाईचे पाय धरावेसे वाटले. तिने जे केलं ते मला माझ्या लेकीच्या बाबतीत जमलं नव्हतं.

सगळंच आईबापांमुळे होतं असं मी म्हणत नाही. माझ्याकडे दोन सख्ख्या बहिणी होत्या, एकीला सगळं जग सांगायचं असायचं, दुसरी हो-नाही पलीकडे बोलायची नाही, घर तेच, आई तीच. स्वभाव घेऊनच येतात पोरं. आणि काही गप्प बसणं वेगळं असतं, झोप उडते, जेवण सुटतं, जगायचाच कंटाळा आल्यासारखं बोलतात, तिथे माझ्यासारखीचा सल्ला घेत बसू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, त्यावर फोन करा, डॉक्टरांकडे जा, आणि कुणी मुलाला त्रास देत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

पण बाकीच्या घरांत, तुमच्या-माझ्यासारख्या, मला एकच विचारायचं असतं. तुमच्या घरात वाईट बातमी आणता येते का? मुलाला काय, तुम्हाला तरी येते का? सोसायटीचा हप्ता थकला हे नवरा बायकोला सांगू शकतो का? भिशीचे पैसे अडकले हे बायको सांगू शकते का, की कपड्यांच्या घडीखाली पावती लपवते? मूल ते बघतच मोठं होतं. पालक मला जयंत नारळीकरांचं उदाहरण देतात, बघा मॅडम वडील गणिताचे प्रोफेसर म्हणून मुलगा असा झाला. खरंच आहे. पण बनारसच्या त्या घरात भिंतीवर फळे होते आणि त्यांचे मोरूमामा त्यावर छोट्या जयंतासाठी गणित लिहून ठेवायचे, आणि ते सुटेपर्यंत किंवा नाही सुटत म्हणून मुलगा सांगेपर्यंत तिथेच राहायचं. मला त्या फळ्यापेक्षा ते 'नाही सुटत' म्हणता येणं मोठं वाटतं. आपल्याकडे फळा आणतात लोक, पण पोराला नाही सुटत म्हणायची सोय नसते.

राग येऊ नये असं मी कुणाला सांगणार नाही, मलाच येतो. मी फक्त एवढं ठरवलं की सांगितल्याबद्दलची वागणूक वेगळी आणि चुकीबद्दलची वेगळी. चुकीचं उद्या सकाळी बघू. गाडीचं आम्ही दुसऱ्या दिवशी बसून ठरवलं, अठरा पूर्ण होऊन लायसन मिळेपर्यंत हात लावायचा नाही, तिने ऐकलं, पाळलंही. पण अबोला सुटणं सोपं नव्हतं. अकरावीत तिला केमिस्ट्रीत शंभरपैकी एकोणतीस पडले, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि सांगितलं, आणि मला माझ्या तोंडात ते कुलूप लागताना अक्षरशः जाणवलं, पाठ फिरवून पोळ्या लाटत राहावं असं. मी म्हटलं, "मला आत्ता राग आलाय, पण मी तुझ्याशी बोलणार आहे. ती भाजी हलव जरा, करपेल." तिने भाजी हलवली. मग दोघी तिथेच ओट्यापाशी बोललो, नीट नाही, जरा भांडलोच, पण बोललो.

आता ती पुण्याला होस्टेलवर आहे. मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला, मैत्रिणीचा होता, आणि हिचा आवाज, "आई, माझा फोन बसमध्ये गेला." चौदा हजारांचा फोन, सहा महिने पण झाले नव्हते. मी विचारलं, तू रूमवर पोचलीस का, सिम ब्लॉक केलं का, उद्या पोलिसांत तक्रार द्यायला सोबत कोण येतंय. ती सगळ्याला हो म्हणाली. फोन ठेवल्यावर मी अर्धा तास नवऱ्यापाशी चिडचिड केली, ते ऐकून घेत होते. मग बारा वाजून गेल्यावर त्याच नंबरवरून परत फोन, "आई, अजून एक सांगायचं राहिलं, कव्हरमध्ये कॉलेजचं आयडी कार्ड पण होतं."