प्राग: लेटनाच्या गल्लीतली काळी टाट्रा

लेटनाला ट्राममधून उतरलो तेव्हा डोक्यात फक्त नॅशनल टेक्निकल म्युझियम होतं, पण वाटेत एका गल्लीच्या तोंडाशी तारखा घातलेला तात्पुरता नो पार्किंगचा बोर्ड दिसला, मागे जनरेटरचा मोठा ट्रक, आणि म्हटलं शूटिंग आहे! प्रागमध्ये यात नवल नाही, इथला बारान्दोव हा सिनेमाचा स्टुडिओ १९३०च्या दशकापासून आहे आणि जुन्या इमारती इतक्या शाबूत आहेत की चार गाड्या उभ्या केल्या की काळ बदलतो.

गाड्या रांगेत लावलेल्या. पहिली ट्राबांट, पूर्व जर्मनीची छोटी गाडी, तिचं टू-स्ट्रोक इंजिन चालू केलं आणि निळा धूर निघाला तर थेट बाबांच्या जुन्या चेतकचा वास, टू-टी ऑइलचा. तिच्या मागे पिवळी-पांढरी सोव्हिएत झिगुली, म्हणजे कम्युनिस्ट काळातली पोलिसांची गाडी. झिगुली म्हणजे मुळात फियाट १२४, आणि आपली कुर्ल्याची प्रीमियर ११८ एनई पण त्याच घराण्यातली, त्यामुळे तो चौकोनी चेहरा बघून मला परक्या देशात शेजारच्या काकांची गाडी भेटल्यासारखं झालं, खरंच गलबलून आलं.

आणि शेवटी काळी टाट्रा ६०३. आपल्याकडे टाट्रा म्हटलं की लष्कराचे ट्रक आठवतात, पण याच चेक कंपनीने १९५६ पासून ही गाडी बनवली, एअर-कूल्ड व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, तेही मागे! सामान्य माणसाला ती मिळायचीच नाही, कम्युनिस्ट पक्षाचे आणि सरकारचे बडे अधिकारी तिच्यातून फिरायचे. ही सुरुवातीच्या मॉडेलपैकी होती, पुढे एकाच काचेमागे तीन हेडलाइट. एक मुलगा ब्रशने चाकांवर धूळ लावत होता, इतक्या मायेने की मी दहा मिनिटं त्यालाच बघत बसलो. सिक्युरिटीवाल्याने फोटो नको अशी खूण केली, मी मोबाइल खिशात टाकला, उभं राहू दिलं तेवढं पुरे होतं.

मग टेक. गाडी समोरून येताना आवाज जवळजवळ नाहीच, पुढे निघून गेली आणि मागून ती खोल घरघर आली, इंजिन मागे असल्यामुळे. असे चार टेक झाले, मी चारही वेळा तिथेच.

म्युझियममध्ये पोचलो तेव्हा बंद व्हायला जेमतेम तास उरला होता. तो सगळा चंदेरी टाट्रा ८७ समोर घालवला, जी घेऊन हान्झेल्का आणि झिकमुंड हे दोन चेक प्रवासी १९४७ ला निघाले आणि आफ्रिका, लॅटिन अमेरिका फिरून १९५० ला परतले. पाठीवर माशाच्या परासारखा उभा पत्रा, तसंच मागे बसवलेलं व्ही-एट. आवाज कसा असेल ते आता माहीत होतं, म्हणून जरा जास्तच वेळ मागच्या बाजूला उभा राहिलो.